वहीत नाव नसलेला पाहुणा

इंडोनेशियातील दक्षिण सुलावेसी प्रांताच्या डोंगराळ भागात एखाद्या तोराजा कुटुंबात अंत्यविधी असतो, तेव्हा बांबूच्या मांडवांच्या गर्दीत एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. पाहुण्यांचा एकेक जथा रांगेने आत येतो, त्यांच्यासोबत बांबूला बांधलेली डुकरे असतात, कुणी रेडा आणलेला असतो, आणि कोणत्या घराण्याने काय आणले याची नोंद त्या वहीत होत राहते. मराठी वाचकाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. लग्नाच्या मांडवात आहेराची वही घेऊन बसणारा भाऊबंद आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, आणि त्या वहीतील आकडा पुढच्या कार्यात फेडावा लागतो हेही आपल्याला ठाऊक आहे. तोराजांच्या मांडवात मात्र अलीकडच्या पन्नासेक वर्षांत आणखी एक पाहुणा दिसू लागला आहे. तो वाटाड्याबरोबर येतो, यजमानांच्या हाती सिगारेटचे खोके किंवा साखरेची पिशवी ठेवतो, चहा पितो, छायाचित्रे काढतो आणि दुपार कलली की निघून जातो. त्याने दिलेले कुणी परत करायचे नसते आणि त्याला मिळालेले त्याने कधी फेडायचे नसते. परक्या समाजाचा अंत्यविधी पाहण्यासाठी प्रवास करावा की नाही, हा प्रश्न मला या पाहुण्यापासून सुरू करावासा वाटतो.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, दुसऱ्याच्या घरचे मरण पाहायला तिकीट काढून जाणे हा बीभत्स प्रकार आहे. मणिकर्णिका घाटावर परदेशी माणसाने कॅमेरा उगारला की आपल्या कपाळाला आठी पडते, मग तेच आपण सुलावेसीत जाऊन का करावे? दुसरे उत्तर उत्साही असते: संस्कृती समजून घ्यायची तर जन्म, लग्न आणि मरण हे तिन्ही पाहिले पाहिजेत, आणि तोराजा लोक तर मृत्यूचा उत्सव करतात, त्यांच्याकडून आपण शिकावे. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात यजमानाला काय हवे आहे याचा विचार नाही. दुसऱ्यात ‘उत्सव’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की त्यामागचे कर्ज, चढाओढ आणि वर्षानुवर्षांची वाट पाहणे त्यात बुडून जाते.

तोराजांचा प्रदेश आज ताना तोराजा आणि तोराजा उतारा या दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. 2008 मध्ये ही विभागणी झाली. माकाले आणि रान्तेपाओ ही त्यांची मुख्य ठाणी. प्रांताची राजधानी माकास्सार तीनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला समुद्रकाठी आहे, आणि तिथून येणारी रात्रीची बस पहाटे रान्तेपाओला उतरवते. अलीकडे डोंगरात विमानतळही झाला आहे. भातखाचरांच्या पायऱ्या, कॉफीचे मळे आणि दोन्ही टोकांनी आभाळाकडे उचललेल्या छपरांची ‘तोंगकोनान’ ही कुलघरे, असा हा मुलूख आहे. ‘तोराजा’ हे नावही मूळ त्यांचे नव्हे. किनाऱ्याकडचे बुगी लोक त्यांना ‘वरच्या अंगाचे’ म्हणत, त्यातून ते आले. आपल्याकडे घाटावरचा आणि तळकोकणातला अशी नावे शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात, तशातलाच हा प्रकार.

या समाजात श्वास थांबला म्हणजे माणूस मेला असे होत नाही. मृताला ‘तो माकुला’ म्हणजे आजारी माणूस म्हटले जाते. त्याला घरातच ठेवतात, त्याच्यापुढे जेवण, चहा, सिगारेट मांडतात, त्याच्याशी बोलतात. पूर्वी देह टिकवण्यासाठी वनस्पतींचा उपयोग होई, आता फॉर्मेलिनचे इंजेक्शन देतात. ही अवस्था काही आठवडे, काही महिने आणि कित्येकदा काही वर्षे चालते. अंत्यविधीत पहिला रेडा पडला की मगच तो माणूस खऱ्या अर्थाने मृत होतो आणि त्याचा आत्मा ‘पुया’ या मृतांच्या देशाकडे निघतो. या प्रतीक्षेचे वर्णन करताना प्रवासवर्णने बहुधा हळवी होतात, आणि आप्ताला एवढ्या सावकाश निरोप देण्यात एक माया आहे यात शंका नाही. परंतु प्रतीक्षेची कारणे बरीचशी व्यावहारिकही असतात. पैसा जमवायचा असतो. पापुआ किंवा कालिमांतान अशा देशातल्याच दूरच्या प्रदेशांत नोकरीला गेलेल्या मुलांना एकाच वेळी रजा मिळायला हवी असते. भावंडांत कोण किती रेडे देणार यावर एकमत व्हायचे असते, आणि ते लवकर होत नाही. हे वाचून एखाद्या मराठी वाचकाला स्वतःच्या घरातील वाटणीची बैठक आठवली, तर त्याला तोराजा बऱ्यापैकी समजला असे मी म्हणेन.

वाटणीचा संबंध इथे अक्षरशः आहे. आईबापांच्या अंत्यविधीत कोणत्या अपत्याने किती रेडे दिले, त्यावर त्याच्या वाट्याला किती जमीन यावी हे ठरवण्याची रीत तोराजांत आहे. म्हणजे अंत्यविधी हा शोकाचा प्रसंग असतो, तसाच तो वारसाहक्काचा जाहीर दस्तऐवजही असतो, आणि जमलेला समाज त्याचा साक्षीदार असतो. बाहेरच्या नात्यांतही हेच चालते. आज तुमच्या घरी कुणी रेडा आणला, तर उद्या त्याच्या घरी तुम्हाला त्याच तोलाचा रेडा न्यावा लागतो. तुम्ही मेलात तर ते देणे मुलांवर जाते. कापलेल्या जनावरांचे मांस उंच माचावरून नावे पुकारून वाटले जाते, आणि कोणाला कोणता भाग मिळाला यावरून त्याचे समाजातील स्थान चारचौघांत ठरते. चुकीचा वाटा मिळालेला माणूस तो अपमान लवकर विसरत नाही. आपल्याकडचे मानपान, रुसवेफुगवे आणि दुखवट्याचे आहेर ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला त्या माचाखालची शांतता किती ताणलेली असेल याची कल्पना करता येईल.

रेड्यांविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण भारतीय प्रवाशाची पहिली ठेच तिथेच लागते. रान्तेपाओजवळ बोलू येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. साध्या काळ्या रेड्यापेक्षा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ‘तेदोंग बोंगा’ला कितीतरी अधिक मोल असते, आणि त्यातही ‘सालेको’ नावाचा प्रकार इतका महाग असतो की त्याच्या किमतीत आपल्याकडे एखादी मोटार यावी. या रेड्याला औताला जुंपत नाहीत. त्याला रोज धुतात, चारा कापून भरवतात, जपतात, आणि शेवटी ‘रान्ते’ या विधीच्या मैदानात त्याच्या गळ्यावर एका घावात सुरा चालतो. मराठी मनात रेडा हे यमाचे वाहन आहे. तो न्यायला येतो. तोराजांच्या कल्पनेत रेडा मृताच्या आत्म्याला पुयापर्यंत पोचवतो, आणि त्याला घरच्यांनीच पाठवायचे असते. एकच प्राणी दोन समाजांत मृत्यूच्या वाटेवर उभा असावा, हे मला विलक्षण वाटते. मात्र या साम्यातून कुठले प्राचीन नाते सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये. भाताच्या खाचरात ज्याच्या बळावर जगायचे त्याच जनावरावर मरणाचाही भार टाकावा, हे दोन शेतकरी समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते. रक्त पाहवत नसेल त्याने त्या वेळी मैदानात थांबू नये, यात कमीपणा काही नाही. परंतु वाटाड्याला आधी ‘कापतील ना आज?’ असे विचारायचे आणि नंतर समाजमाध्यमांवर क्रौर्याचा निषेध लिहायचा, हा दुटप्पीपणा आहे.

साम्य शोधण्याचा मोह आणखी एका ठिकाणी आपल्याला घसरवतो. तोराजांचा मूळ धर्म ‘आलुक तो दोलो’, म्हणजे पूर्वजांची रीत. इंडोनेशियाच्या शासनाने ठरावीक धर्मांनाच मान्यता दिलेली असल्यामुळे 1969 मध्ये या धर्माची गणना हिंदू धर्माच्या शाखेत करण्यात आली. एवढ्या माहितीवर ‘तोराजा हे मूळचे हिंदूच’ असे संदेश आपल्याकडे फिरू शकतात. ही कागदोपत्री सोय होती. मान्यताप्राप्त चौकटीत न बसणाऱ्या श्रद्धेला कायद्याचा आसरा हवा होता आणि बालीच्या हिंदू धर्माच्या छत्राखाली तो मिळाला. आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. मांडवात पाद्री प्रार्थना म्हणतो, शवपेटीवर क्रूस असतो, आणि त्याच अंगणात लोक हातात हात गुंफून, वर्तुळ करून, ‘मा-बादोंग’ हे मृताच्या जीवनाचे गान रात्रभर गातात.

ही सांगड कशी बसली याचा इतिहास फार जुना नाही, आणि तो समजल्याशिवाय ‘हजारो वर्षांची अबाधित परंपरा’ हे जाहिरातीतील वाक्य किती फसवे आहे ते कळत नाही. डचांचे सैन्य या डोंगरांत 1906 च्या सुमारास शिरले. पोंग तिकू या सरदाराने त्यांना झुंजवले आणि 1907 मध्ये तो मारला गेला. 2002 साली त्याला राष्ट्रीय वीराचा दर्जा मिळाला. 1913 मध्ये फान दे लोस्द्रेख्त हा डच मिशनरी आला आणि चारच वर्षांनी त्याची हत्या झाली. पुढे मिशनने एक तोडगा काढला: देवपूजेचा भाग तो ‘आलुक’, तो सोडायचा, सामाजिक रूढीचा भाग तो ‘आदात’, तो ठेवता येईल. अंत्यविधी दुसऱ्या खणात टाकले गेले. एकाच विधीचे धर्म आणि रूढी असे दोन तुकडे करण्याची ही युक्ती होती आणि तिच्यामुळेच तो विधी टिकला. भाताच्या बहराशी, घराच्या वास्तुशांतीशी निगडित असलेले ‘रांबू तुका’, म्हणजे वर जाणाऱ्या धुराचे, जीवनाचे विधी त्या मानाने मागे पडले. ‘रांबू सोलो’, म्हणजे खाली उतरणाऱ्या धुराचे, मृत्यूचे विधी मात्र फोफावले. आपण जिला मृत्यूवेडी संस्कृती म्हणतो, तिच्या तराजूतील जीवनाचे पारडे गेल्या शतकातील घडामोडींनी हलके केले आहे.

फोफावण्याचे दुसरे कारण पैसा. तोराजा समाजात जन्मावर आधारलेल्या पायऱ्या होत्या. त्यांना सोन्याचा खुंट, लोखंडाचा खुंट, ताडाच्या गाभ्याचा खुंट आणि बोरूचा खुंट अशी नावे होती. बोरूच्या खुंटातले लोक दास होते. कोणत्या पायरीच्या माणसाला किती रेड्यांचा विधी करता येईल हे ठरलेले होते, आणि मोठा विधी हा सोन्याच्या खुंटाचा अधिकार होता. साधारण 1970 च्या दशकापासून तोराजा तरुण माकास्सारला, कालिमांतानच्या लाकूडतोडीत, पापुआच्या खाणींत आणि कचेऱ्यांत जाऊ लागले. त्यांच्यात खालच्या पायऱ्यांवरचे लोकही होते. हातात पैसा आल्यावर त्यांनी गावी परतून केले काय, तर आईबापांचा असा अंत्यविधी, जो पूर्वी त्यांना करूच दिला नसता. सरदार घराणी यावर नाक मुरडत राहिली आणि स्वतःचे विधी आणखी वाढवत राहिली. प्रवासी ज्याला पुरातन सोहळा म्हणून पाहतो, तो पुष्कळदा स्थलांतराच्या पैशाने पेटवलेला आणि पायऱ्या उलथवू पाहणारा ताजा झगडा असतो. आपल्या शिक्षित वाचकाने यात फक्त उधळपट्टी पाहिली, तर ज्याला पिढ्यान्पिढ्या एकही रेडा कापू दिला नाही त्याच्या बाजूने ती कशी दिसते हे पाहायचे राहून जाते.

तरीही उधळपट्टीचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. ऋण काढून सण करू नका, तेराव्याच्या जेवणावळींपायी शेत गहाण टाकू नका, असे गाडगेबाबांनी गावोगाव कंठशोष करून सांगितले, त्या मुलुखातला माणूस रेड्यांसाठी घेतलेल्या कर्जाकडे कौतुकाने पाहू शकत नाही, आणि पाहू नये. मुलाचे शिक्षण थांबवून आजोबांसाठी ठिपक्यांचा रेडा घ्यावा लागणे हे दुःखच आहे. परंतु हा आक्षेप तोराजांना आपण प्रथमच सांगतो आहोत असे नाही. त्यांच्या चर्चमध्ये, घराघरांत, परगावी राहणाऱ्या तरुणांत हा वाद पिढ्यान्पिढ्या चालू आहे. पेंटेकोस्टल पंथांतील काही मंडळी बळींपासून दूर राहतात, काही कुटुंबे रेड्यांची संख्या जाणूनबुजून कमी ठेवतात आणि त्याबद्दल टोमणे सहन करतात. गाडगेबाबा खराटा घेऊन आपल्याच माणसांत फिरले. चार दिवसांच्या सहलीवर आलेल्या परक्याने मांडवात बसून, यजमानाचा चहा पिता पिता, मनात काढलेला निष्कर्ष त्या तोलाचा नसतो. आणि एका बाबतीत तर तो परका या उधळपट्टीत सामील असतो. परदेशी पाहुणे आले की विधीची शोभा वाढते, ‘त्यांच्याकडे गोरे लोकही आले होते’ ही चर्चा मृताच्या नावाला उजाळा देते. मोठा विधी म्हणजे पर्यटनाला हातभार, असेही समर्थन मग पुढे येते. आक्षेप घेणारा प्रवासी ज्या आगीकडे बोट दाखवतो, तिच्यात त्याने स्वतः दोन काटक्या टाकलेल्या असतात.

पर्यटनाचा इतिहास इथे महत्त्वाचा आहे. 1970 च्या दशकात बालीनंतरचे दुसरे मोठे आकर्षण म्हणून तोराजाची प्रसिद्धी सुरू झाली. मुस्लिमबहुल प्रांतातील या डोंगरी ख्रिस्ती अल्पसंख्याकांना तिचा राजकीय फायदाही झाला. किनाऱ्यावरचे शेजारी ज्यांना मागासलेले समजत, त्यांच्या घरांची छपरे आता प्रांताची ओळख म्हणून मिरवू लागली. म्हणूनच पर्यटन तोराजांवर लादले गेले, असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र 1985 मध्ये शासनाने अठरा गावे आणि दफनस्थळे पर्यटनस्थळे म्हणून निश्चित केली, आणि त्यासोबत निर्बंध आले: तिथल्या कुलघरांत आणि दफनाच्या जागांत त्यांच्या मालकांनाच बदल करता येईना. आपले विधी आणि आपली घरे कशी असावीत हे बाहेरचे लोक ठरवू लागले, असे स्थानिक पुढाऱ्यांचे म्हणणे होते. 1987 मध्ये केते केसू आणि अन्य काही गावांनी पर्यटकांना दारे बंद केली.

ही बंदी काही दिवसच टिकली. स्मरणवस्तूंच्या विक्रीवाचून घर चालेना, म्हणून दारे पुन्हा उघडावी लागली. माझ्या मते या छोट्याशा घटनेत साऱ्या वादाचे मर्म आहे. ‘यजमानांची इच्छा असेल तर जावे’ हे वाक्य सुसंस्कृत वाटते, पण इच्छा म्हणजे काय? नको म्हणण्याची ज्याला चैन परवडत नाही त्याच्या होकाराला आपण निमंत्रण समजायचे का? आणि समजायचे नाही, तर मग त्याचे उत्पन्न बंद करून आपण कोणता आदर दाखवतो? 1998 चे आर्थिक संकट आणि राजकीय अस्थैर्य, पाठोपाठ शेजारच्या पोसो भागातील दंगली, 2002 चा बालीतील बॉम्बस्फोट यांमुळे परदेशी प्रवासी रोडावले, तेव्हा रान्तेपाओच्या हॉटेलांना आणि कोरीवकाम करणाऱ्यांना झळ बसली. अंत्यविधी मात्र चालूच राहिले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: पर्यटक नसतानाही वही उघडली जाते. विधीला आपली गरज नाही. गरज आहे ती हॉटेलवाल्याला, वाटाड्याला आणि लाकडावर रेड्याचे शिर कोरणाऱ्या कारागिराला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की उत्तराची दिशा दिसू लागते.

पाहण्याची मर्यादा कुठे ओलांडली जाते याची सर्वांत जळजळीत साक्ष ‘ताऊ-ताऊ’ देतात. हे मृतांचे लाकडी पुतळे. प्रतिष्ठित माणसाचा पुतळा फणसाच्या लाकडात कोरून, त्याला कपडे नेसवून, कड्यात कोरलेल्या दफनगुहेपुढच्या सज्जात उभा करतात. लेमोच्या कड्यावर असे पुतळे हात पुढे करून दरीकडे पाहत ओळीने उभे असतात. तोराजांची कीर्ती जगभर पसरली तशी संग्राहकांची मागणी वाढली. 1980 च्या दशकात पुतळ्यांच्या चोऱ्या वाढल्या आणि कुणाचे तरी आजोबा युरोप-अमेरिकेतील कलाबाजारात पोचले. काही कुटुंबांनी उरलेले पुतळे घरात कुलपात ठेवले. काही सज्जांत आज दिसतात ते नंतर करून बसवलेले आहेत. छायाचित्र काढणारा आणि पुतळा पळवणारा यांना मी एका मापाने मोजत नाही. परंतु पुतळ्याला ‘कलावस्तू’ हे नाव आधी पाहणाऱ्यांनीच दिले, आणि वस्तू म्हटली की तिला किंमत येते.

‘मा-नेने’ विधीचे आजचे प्रकरण त्याच जातीचे आहे. भाताची कापणी झाल्यावर, बहुधा ऑगस्टमध्ये, काही गावांत पूर्वजांचे देह गुहेतून बाहेर काढून स्वच्छ करतात, त्यांना नवे कपडे चढवतात. घरचे लोक त्यांच्यासोबत छायाचित्रे काढतात, जे आजोबा पाहिलेच नाहीत त्यांची नातवाला ओळख करून देतात. ही छायाचित्रे जगभरच्या पडद्यांवर ‘चालणारी प्रेते’ अशा मथळ्यांखाली फिरली, आणि त्यापाठोपाठ ती पाहायला लोक आले. कुणी म्हणेल, घरचेच जर हसत छायाचित्र काढतात तर आमचे काय चुकले? उत्तर सोपे आहे. त्यांच्या छायाचित्रात आजोबा आहेत. आपल्या छायाचित्रात प्रेत आहे. तो देह, तो प्रकाश, तो कोन सगळे तेच असेल, पण पाहणाऱ्याचे त्या देहाशी नाते नसेल तर उरते ते कुतूहल. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून आपण कावळ्याची वाट पाहत बसतो, कावळा शिवत नाही म्हणून कुणी मृताच्या अपुऱ्या इच्छा पुटपुटतो, ‘मुलांकडे बघू आम्ही’ असा शब्द देतो. ते दृश्य कुणी ‘पक्षी आणि भात’ या मथळ्याखाली छापले, तर त्यात चूक कोणती हे आपल्याला शब्दांत सांगता येणार नाही, आणि तरी काहीतरी हिरावले गेल्याची खात्री वाटेल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की तोराजांकडे जाण्यात गैर नाही, आणि अंत्यविधीला बसण्यातही नाही. तो विधी गुप्त नाही. साक्षीदार जितके अधिक तितका तो पूर्ण, अशीच त्याची घडण आहे, आणि परक्याला चहा देणे ही त्यांची रीत आहे. गैर आहे ते ऋणाच्या एवढ्या दाट जाळ्यात शिरून स्वतः पूर्णपणे अनृणी राहणे. त्या मांडवातला प्रत्येक माणूस कुणाचे तरी देणे फेडायला किंवा कुणाला तरी देण्यात बांधायला आलेला असतो. दफन झाल्यावर मांडव मोडतात, आणि वहीतली पाने पुढची वीस वर्षे माणसांना एकमेकांच्या दारी जायला लावतात. एकटा पर्यटक मोकळा असतो. त्याने दिलेल्या साखरेला त्याने तिकिटाचा अर्थ लावलेला असतो, आणि तिकीट घेतले की पाहण्याचा हक्क विकत मिळाला अशी समजूत आपोआप येते.

यावर कुणी म्हणेल की परक्याने त्या वहीत शिरणे अशक्यच आहे. तो रेडा आणणार नाही आणि पुढच्या विधीला परत येणार नाही. हे खरे आहे, आणि रेडा आणण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही; तो दिखाऊपणा होईल आणि कुणाच्या तरी डोक्यावर न फिटणारे देणे बसेल. पण छोट्या देण्याला नाकारण्याचे कारण नाही. गडद रंगाचे कपडे घालावेत. आपल्याला दाखवलेल्या ‘लान्तांग’मध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मांडवात, बसावे आणि तासन्‌तास बसावे, कारण बसणे हीच तिथली हजेरी आहे. कुणाचा विधी आहे, तो माणूस काय करत होता, त्याची मुले कुठून आली आहेत, हे वाटाड्याला विचारून घ्यावे. मृताचे नाव ठाऊक नसताना त्याच्या अंगणात जेवून येणे आपल्याकडे कुणी करणार नाही. छायाचित्र काढण्याआधी घरच्या मोठ्या माणसाला विचारावे, काढले तर ते छापून पाठवावे. हे शेवटचे किरकोळ वाटेल, पण परक्याला फेडता येण्यासारखे बहुधा तेवढेच एक ऋण आहे, आणि आश्चर्य म्हणजे तेच आपण सर्वांत सहज बुडवतो.

प्रवाशाच्या सभ्यतेपेक्षा मोठा प्रश्न धंद्याच्या आणि शासनाच्या बाजूचा आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘तिसरा दिवस: पारंपरिक अंत्यविधी’ असे छापलेले असेल, तर तो अंत्यविधी कुणाचा हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते. ही ओळ छापू नये, एवढी साधी मागणी मराठी प्रवाशांनी आपापल्या आयोजकांकडे करायला हवी. इंडोनेशियाला जाणाऱ्या मराठी लोकांची संख्या आता दुर्लक्ष करण्याजोगी नाही. स्थळांच्या प्रवेशशुल्काचा वाटा त्या कुलघराच्या माणसांपर्यंत पोचावा, आणि कोणते दफनस्थळ कधी बंद ठेवायचे हा निर्णय त्यांचाच असावा. कांबिरा येथे दात येण्याआधी दगावलेल्या तान्ह्या बाळांना जिवंत झाडाच्या खोडात ठेवलेले आहे. ती चाल आता बंद झाली आहे, झाड तिकिटावर पाहता येते. अशा ठिकाणी किती माणसांनी, किती आवाजात, किती वेळ थांबावे, हे मंत्रालयाने ठरवण्याचे काम नव्हे. 1987 मध्ये जे काही दिवस बंद राहिले ते कुणाच्याही पोटाला चिमटा न बसता बंद ठेवता येईल, अशी व्यवस्था असेल तेव्हाच तिथल्या होकाराला होकार म्हणता येईल.

तोपर्यंत जायचेच असेल तर विधीची तारीख न विचारता जावे. कोरड्या ऋतूत, जुलै ते सप्टेंबरमध्ये, विधी अधिक होतात, हे खरे. पण तोराजाला कॉफी आहे, चालत जाण्याजोग्या वाटा आहेत, आणि विणणाऱ्या, कोरणाऱ्या, खाचरात राबणाऱ्या माणसांशी बोलायला दिवस पुरत नाहीत. एखाद्या घरून बोलावणे आले तर जावे. नाही आले, तर तोराजा पाहायचा राहिला अशी हुरहूर वाटून घेण्याचे कारण नाही. वाटेवरच्या कुठल्यातरी तोंगकोनानच्या आतल्या खोलीत त्या वेळी कुणी एक ‘आजारी’ माणूस निजलेला असेल, सून त्याच्यापुढे सकाळची कॉफी ठेवत असेल, आणि त्याचा थोरला मुलगा पापुआहून फोनवर धाकट्याला सांगत असेल की यंदा नाही जमणार, पुढच्या वर्षी पाहू.